अडीच किलोची रायफल

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

आज टपालाने बंदुकीचं लायसन्स आलं. कार्डावरचा फोटो असा आहे की मी पोलीस असतो तर या माणसाच्या हाती बेचकीसुद्धा दिली नसती.

आमच्या घराण्यात शिकार सोडाच, पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही अण्णा पर्वतीच्या पायथ्याशी नेऊन सोडत आणि घरी येऊन अंघोळ करत. त्यांचा मी मुलगा, वय पंचावन्न, हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात वजनकाटे तपासणारा इंजिनियर. मी हरणाच्या शिकारीला निघालोय. कारण एकच, अक्षत.

या वहीत तरी खरं लिहावं. तीन वर्षांपूर्वी अक्षतने दुसऱ्या वर्षाला इंजिनियरिंग सोडलं आणि तुरांगीला जाऊन नोकरी धरली. काम काय, तर जंगलात संख्येने फार वाढलेली हरणं आणि रानबकऱ्या मारायच्या. त्याला जे बोलायचं ते मी तोंडावर बोललो होतो, त्याचं त्याला काही नव्हतं. सर्वांत वाईट वाक्य मी दुसऱ्याच माणसाजवळ बोललो. पुढल्या वर्षी हॅमिल्टनच्या गणपतीत पुण्याहून नवीन आलेल्या एका जोडप्याने विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" मी म्हणालो, "एकच मुलगी, सिद्धी." मागे अक्षत प्रसादाचा ट्रे घेऊन उभा होता. आरतीसाठी म्हणून अडीच तास गाडी चालवून आला होता. त्याने ट्रे टेबलावर ठेवला, आजीच्या पाया पडला आणि निघून गेला. तेव्हापासून तो आईशी, म्हणजे माझ्या नीताशी बोलतो, आजीशी बोलतो, बहिणीशी तासन्‌तास बोलतो. माझा नंबर मात्र त्याच्या बोटाला सापडत नाही.

जानेवारीत मी त्याला मेसेज केला, "मला एकदा शिकारीला नेशील का?" चार दिवसांनी उत्तर आलं. तीन अटी. लायसन्स स्वतःचं. रायफल स्वतःची. आणि "ती सगळी वाट स्वतः उचलायची, कारण मी कुणाचं सामान उचलत नाही." खाली लिहिलं होतं, "पुढच्या वर्षीच्या रोअरला." रोअर म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, नर हरणं डोंगरभर ओरडत फिरतात ते दिवस.

मग मी शिकलो, परीक्षा दिली, भिंतीत तिजोरी ठोकली. पोलिसांकडून चौकशीला बाई आल्या होत्या. नीताला एकटीला बसवून विचारलं, यांना राग येतो का. नीता म्हणाली, "हो, राग आला की भांडी घासतो." आई म्हणाली मलाही विचारा. त्या बाईंनी "मिसेस मंडाकिनी" असं म्हणत तिचे पोहे खाल्ले आणि शेरा चांगला दिला.

दुपारी दुकानात जाऊन आलो. साडेतीन किलोची रायफल खांद्याला लावली. मिनिटभरात उजवा हात असा थरथरायला लागला की दुकानदाराने ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "नो वरीज मेट, तुला हलकी हवी." नवीन हलक्यांच्या किमती ऐकून मी सेकंडहँड बघायचं ठरवलं.

११ ऑगस्ट, रविवार

जाहिराती वाचतोय. प्रत्येक जण लिहितो, "फार कमी वापरलेली." लग्नाच्या स्थळांसारखंच.

दोन दिवस उजवा दंड आपोआप फडफडतोय. कातडीखाली बारीक मासोळी फिरावी तसं. जेवताना आईने पाहिलं आणि घास खाली ठेवला. "उजवा बाहू स्फुरतोय रे. पुरुषाचा उजवा स्फुरला की जवळच्या माणसाची भेट होते." मी म्हटलं, आई, काटे तपासताना अवघडून बसतो त्याने होत असेल. ती म्हणाली, "तू काटे तपास. मला अक्षत येताना दिसतोय." सिद्धी म्हणाली, "आज्जी, दॅट्स सो रँडम." पण तिनेही माझ्या दंडावर बोट ठेवून पाहिलं.

मी शकुनबिकुन मानत नाही. तरी अंघोळीच्या वेळी आरशात बघितलं, अजून फडफडतोय का. फडफडत होता. बरं वाटलं.

२४ ऑगस्ट, शनिवार

रायफल मिळाली.

विकणारे गृहस्थ ओटाहुहूचे, नाव रमण, वय शहात्तर, मूळ नवसारीचे. चाळीस वर्षं त्यांची स्टेशनजवळ डेअरी होती. डेअरी म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान. हरणामागे फिरणारा गुजराती मी पहिल्यांदाच पाहिला. घरात देव्हारा, आणि देव्हाऱ्याच्या वर भिंतीवर शिंगं. बायको रागवायची का, विचारलं तर म्हणाले, "पंचवीस बरस. फिर वो भी थक गई."

रायफल खरंच सुंदर आहे. नळी आखूड, दस्ता काळा, पोकळ, बोटाने वाजवला तर डब्यासारखा वाजतो. रमणभाईंनी कपड्यात गुंडाळून आणली आणि बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवायचा दांडा, काढून वेगळा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "पहली रायफल आदमी भारी लेता है. हलकी आखरी होती है." मी म्हटलं, माझी तर पहिलीच आहे.

लायसन्स बघितलं, रजिस्टरची नोंद फोनवर केली, सगळं रीतसर. निघताना हात मिळवला तर त्यांनी माझा हात सोडलाच नाही. उलटा करून अंगठ्याच्या खालचा भाग दाबून बघितला. तिथे मांस जरा बसल्यासारखं झालंय, मीही कधी पाहिलं नव्हतं. "ये कब से?" मी सांगितलं, माउस वापरून असेल. "डॉक्टर को दिखाओ," ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीत डॉक्टर दिसतो. मग त्यांनी आतून स्वतःचा कातडी पट्टा आणून दिला, फुकट. "साथ कौन जा रहा है?" म्हटलं, मुलगा. "तो उसको उठाने दो," ते म्हणाले.

म्हटलं, तीच तर अट आहे रमणभाई, तो उचलणार नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

रायफल जड आहे. जाहिरातीत अडीच किलो लिहिलं होतं, मला ती तीनच्या वर वाटते. रायफल कारखान्यात नेणं शक्य नाही, म्हणून कारखान्याचा छोटा काटा साहेबांना विचारून घरी आणला. दोन किलो पाचशे वीस ग्रॅम. विश्वास बसेना, म्हणून काटाच तपासला. प्रमाण वजनं ठेवली, एक किलो, दोन, पाच. काटा बिनचूक. पुन्हा रायफल. दोन पाचशे वीस. तिसऱ्यांदा पट्टा काढून ठेवली.

म्हणजे वजन बरोबर आहे, तोल चुकलाय. नळी पुढे ओढत असणार. वरची नेमाची दुर्बीण जरा मागे बसवून बघतो.

२२ सप्टेंबर, रविवार

नेमबाजीच्या मैदानावर गेलो. पहिल्या पाच गोळ्या कागदाला तरी लागल्या. मग बोल्ट अडायला लागला. अंगठा आणि बोट लावून ओढायचा तर बोटं घसरतात. शेजारचा एक पोरगा म्हणाला, "ऑल गुड, मी करून देऊ?" त्याने चटकन ओढला. घरी येऊन बोल्टला तेल पाजलं. जुन्या मालाचं असंच असतं, मालकाच्या हाताला बसलेला असतो.

नीताला हल्ली माझ्यावर फार प्रेम आलंय. सकाळी मी शर्टाच्या बटणांशी झटत असतो तर येऊन स्वतः लावते. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी! म्हटलं, "काय बाईसाहेब, आज काय?" तर हसली नाही, शेवटचं बटण लावून तिथेच हात ठेवून उभी राहिली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

अक्षत आला.

आधी पूजेचं सांगतो. काल आईने फर्मान काढलं, "आजवर आपण खंडेनवमीला विळी आणि तुझी मोजपट्टी पुजत आलो. यंदा घरात खरं शस्त्र आहे, ते पाटावर हवं." मी नियम सांगितले, बोल्ट वेगळा, गोळ्या कुलपात, मी खोलीतून हलणार नाही. ती म्हणाली, "मग बस की पाटाशेजारी, देवाचं नाव घे." रायफल पाटावर, शेजारी विळी, नीताचा लॅपटॉप, सिद्धीचा कॅल्क्युलेटर. आईने दस्त्यावर हळदकुंकू वाहिलं, नळीवर झेंडूचं फूल ठेवलं. मी लगेच फडक्याने लोखंड पुसायला वाकलो, आणि बेल वाजली.

दारात अक्षत. दाढी वाढलीय, खांदे रुंद झालेत, अंगात शॉर्ट्स आणि पायात जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. आई उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगितलं नव्हतं तुला? उजवा बाहू!" आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. सिद्धीने सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली होती. त्यातलं एक त्याने माझ्यापुढे धरलं. "सोनं घे, बाबा." मी घेतलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. दोन वर्षं मनात वाक्य तयार आहे. मी म्हणालो, "ट्रॅफिक होता का?"

मग त्याने रायफल उचलली. एका हाताने, नीता झाडू उचलते तशी. बोल्ट बसवला आणि एका बोटाने मागेपुढे केला. "नाइस. चांगली घेतलीस. बोल्ट एकदम स्मूद आहे."

म्हटलं, "अडतो रे तो. तेल घालून घालून थकलो."

"दाखव."

मी दाखवायला गेलो. बोटं घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तो आधी बोल्टकडे बघत होता, मग माझ्या हाताकडे बघायला लागला. "बाही वर कर," म्हणाला. दंड फडफडतच होता. आई कौतुकाने म्हणाली, "ऑगस्टपासून चाललंय, तू येणार म्हणून." त्याचा चेहराच उतरला. रायफल त्याने पुन्हा पाटावर ठेवली, अगदी सावकाश.

नंतर बराच वेळ तो आणि नीता स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होते. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा नीता रडल्यासारखी वाटली. गणपतीचाच विषय असणार. तिने त्याला समजावलं असेल, बाबा तसा नाहीये म्हणून. मी बाहेर श्रीखंडाच्या वाटीसमोर बसून राहिलो. मला त्या खोलीत जायचं धाडस झालं नाही.

जाताना म्हणाला, "रोअरचं नक्की. मार्चच्या शेवटी जाऊ, जरा लवकरच." आणि मला मिठी मारली. किती वर्षांनी ते आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नीताने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुलगी वयाने सिद्धीपेक्षा फार मोठी नसेल. तिने गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला लावून बराच वेळ बघितली. हाताचं दुखणं आणि जीभ कशाला? म्हणाली, नसांची तपासणी करून घेऊ, हॉस्पिटलचं पत्र येईल. मनगटात नस दबत असेल, म्हटलं. ती म्हणाली, "शक्य आहे." नीता खिडकीबाहेर बघत होती.

घरातले स्टीलचे पेले गायब झालेत, हलके प्लास्टिकचे आलेत. सिद्धीच्या डब्याचं असेल काहीतरी.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

अंगणात जंडलमध्ये पाय अडकून पडलो, तिळाच्या वड्यांच्या ताटासकट. या आठवड्यात दुसऱ्यांदा. जंडल्स फेकून दिल्या, ती काय माणसाने घालायची वस्तू आहे! सिद्धी म्हणाली, "डॅड, इट्स नॉट द जंडल्स." मग एकदम खाली बसून वड्या वेचायला लागली. आई म्हणाली, पडलेला तिळगूळही गोडच असतो, आणि तोच सगळ्यांना वाटला.

८ फेब्रुवारी, शनिवार

उचलायचा सराव करतोय. रस्त्यावर रायफल घेऊन हिंडलो तर पाच मिनिटांत पोलिसांची गाडी येईल. म्हणून रमणभाईंच्या पट्ट्याला तीन किलो तांदळाची पिशवी बांधून खांद्यावर घेतो आणि नदीकाठी चालतो. रायफल, दुर्बीण, सायलेन्सर मिळून तेवढंच भरतं. पहिल्या दिवशी पूल गाठला. आता पुलाच्या अलीकडच्या बाकावर बसावं लागतं. शेजारचा ग्रॅहम रोज विचारतो, "बासमती की ब्राउन?"

सराव केल्यावर ताकद वाढायला हवी ना? इथे उलटंच चाललंय. नीताला म्हटलं, उपासतापास नाही, जेवतोय व्यवस्थित, तरी हे काय? ती म्हणाली, "पिशवी दोन किलोची कर." म्हटलं, मग फसवणूक होईल. रायफल काही एक किलो कमी होणार नाही.

बुधवारी नसांची तपासणी झाली. बारीक सुया टोचून ते पडद्यावर बघतात. करणारा गृहस्थ आधी क्रिकेटवर खूप बोलत होता. मग बोलायचा थांबला. निकाल मोठे डॉक्टर सांगतील, नऊ एप्रिलला, दोघांनीही या असं लिहिलंय.

२ मार्च, रविवार

लायसन्सवाल्यांना तब्येतीचं कळवायला हवं का, असं नीताने विचारलं. म्हटलं, अजून नाव तरी कळू दे काय ते. तिने अक्षतला फोन लावला. तो मला म्हणाला, "बाबा, गोळ्या माझ्याकडे राहतील. मी शेजारी असल्याशिवाय लोड करायची नाही. ओके?" मला आधी राग आला. मग वाटलं, किती जबाबदार झालाय. कारखान्यात मीही नवीन माणसाला असंच सांगतो.

३० मार्च, रविवार, पाडवा. पुरिओरा

जंगलातल्या हटमध्ये, शिकाऱ्यांच्या लाकडी खोपटात, बसून लिहितोय. अक्षर वाईट येतंय, गार आहे.

काल सकाळी गाडी लावून निघालो. अक्षतच्या पाठीवर दोघांचं सामान, माझ्या खांद्यावर फक्त रायफल. पहिला ओढा मी ओलांडला. पट्टा घसरत होता, मी तो हनुवटीने धरत होतो. तो पुढे चालत होता, पण दर वीस पावलांवर बुटाची लेस बांधायला थांबायचा. एवढी लेस कुणाची सुटत नाही. दुसऱ्या ओढ्यात माझा पाय वळला आणि मी गुडघ्यावर बसलो. रायफल पाण्यात पडू दिली नाही. ती मी छातीशी धरली होती, पण उठता येईना.

तो पाण्यात माझ्यासमोर बसला. "दे."

म्हटलं, "तुझी अट आहे."

"बाबा, दे ना ती." आणि माझ्या हातातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. मग मला काखेत धरून उठवलं. पुढची सगळी वाट त्याचा हात माझ्या पाठीवर होता. मला फार लाज वाटत होती. लाजेबरोबर आणखी काहीतरी वाटत होतं, ज्याला सुख म्हणायला मी घाबरतो.

हटमध्ये आमच्या वायकाटो भागातलाच एक शिकारी होता, वयस्कर माणूस, नाव टमा. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्याने चहा दिला. अक्षत चुलीत लाकडं घालत होता. टमाने सहज विचारलं, "मुलं किती तुला?"

तोच प्रश्न. अक्षतचा हात लाकडावर थांबला. मी म्हणालो, "दोन. हा थोरला. या जंगलातलं याच्याइतकं मला काहीच येत नाही. मी याच्याशी एकदा फार वाईट वागलो, लोकांसमोर. म्हणून लोकांसमोरच सांगतो." इंग्रजीत सांगितलं, मराठीत जमलं नसतं. टमा माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला. अक्षत पाणी आणतो म्हणून बादली घेऊन बाहेर गेला. बादली भरलेली होती.

आज पहाटे बाहेर पडलो. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, सबंध दरी ओरडत होती. अक्षतने मला एका ओंडक्यामागे बसवलं, पिशवीवर रायफल टेकवून दिली, गोळी भरली, कानात सांगितलं, "घाई नको." मग तो आला. मोठा नर, तोंडातून वाफ निघत होती, शंभर पावलांवर उभा. दुर्बिणीत त्याचा डोळासुद्धा दिसला. मी बोट चापावर ठेवलं आणि ओढलं. म्हणजे मनाने ओढलं. बोट हललं नाही. पुन्हा सांगितलं, तरी हललं नाही. हरणाने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश झाडीत निघून गेलं.

"जाऊ दे," अक्षत म्हणाला. त्याने बोल्ट उघडून गोळी काढली आणि खिशात ठेवली.

म्हटलं, "अक्षत, माझं बोट हललं नाही रे."

तो म्हणाला, "माहितीये, बाबा." आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन बसला. मी विचारलं नाही, तुला काय माहितीये. मला विचारायचं नव्हतं.

परत आल्यावर त्याने आजीने दिलेली पुरचुंडी उघडली. खण, साखरेची गाठी, तांब्याचा छोटा गडू. मानुका नावाच्या रानझुडपाच्या काठीला गुढी बांधली. "तू उभी कर," म्हणाला. माझे हात छातीपर्यंत गेले, वर गेले नाहीत. त्याने मागून माझ्या हातांवर हात ठेवले आणि गुढी वर गेली. टमाने टोपी काढली.

९ एप्रिल, बुधवार

मोटर न्यूरॉन डिसीज. डॉक्टरांनी लिहून दिलं, नाहीतर मला लिहिताही आलं नसतं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा मरतात. हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास. किती दिवस, विचारलं. दोन-तीन वर्षं, काहींना जास्त मिळतात. औषध आहे, पण ते थोडे महिने देतं.

मी विचारलं, दंड का फडफडतो? म्हणाल्या, मरत चाललेल्या नसांचं ते लक्षण आहे.

गाडीत नीताने सांगितलं. अक्षतने दसऱ्यालाच ओळखलं होतं, त्याच्या मुकादमाचे वडील याच आजाराने गेले. तिने विचारलं, "तुला आधी सांगायला हवं होतं का?" मी नाही म्हणालो. मग ती पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली, आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवायला वेळ लागला. उजवा हात डाव्या हाताने उचलून ठेवावा लागला.

काटा तपासला, रायफल तीनदा तोलली होती मी. बोल्टला तेल घातलं, दुर्बीण सरकवली, जंडल्स फेकल्या. मला मरायची भीती वाटते. त्याहून जास्त, अक्षतची दोन वर्षं मी एका वाक्यापायी घालवली याचं वाईट वाटतं. तीच दोन वर्षं आता कुणीतरी परत द्यावी, असं सारखं वाटतंय.

२६ एप्रिल, शनिवार

डाव्या हाताने लिहितोय. थोडंच.

रायफल आज अक्षतच्या नावावर केली. फोनवर नोंद पाच मिनिटांत झाली. लायसन्स परत पाठवलं. रमणभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पट्टा उसी के पास रखना."

अक्षतने तुरांगीची नोकरी सोडली. घरी राहून मला उचलणार. तीन वर्षांपूर्वी मी ओरडून ओरडून हेच मागत होतो, ते सोड आणि घरी ये. आता आला. मी म्हटलं, "नको रे, डोंगर सोडू नकोस." तो म्हणाला, "डोंगर कुठे जात नाहीत." सकाळी त्याने मला बाथरूममधून उचलून खुर्चीवर ठेवलं. मी म्हटलं, कुणाचं सामान उचलत नाहीस ना तू? तो हसला, आणि मग त्याचे डोळे भरले. माझेही.

आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवतो. आत्ता ती जवळ येऊन बसली, माझी बाही वर केली आणि दंडाला हात लावून बघितला.

"अजून स्फुरतोय रे," म्हणाली. "आता आणखी कोण यायचंय?"

म्हटलं, "कुणी नाही, आई. ज्याला यायचं होतं तो आला. वरच्या खोलीत सामान लावतोय."

ती समाधानाने हसली आणि तिने माझी बाही नीट खाली करून बटण लावून दिलं.